घागकाकूंचं अंदमान

आमच्या डोंबिवलीत सहल ठरवणं म्हणजे लग्न ठरवण्याइतकं किचकट काम आहे. आधी मुलांच्या परीक्षा बघायच्या, मग नवऱ्याची रजा, मग बायकोची रजा, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्यातून अमावस्या टाळायची, पितृपक्ष टाळायचा. एवढं सगळं जुळलं की शेवटी मला विचारायचं, "ताई, तिकडे तेव्हा पाऊस नसतो ना?"

मानपाडा रोडला पहिल्या मजल्यावर माझं एका खोलीचं ऑफिस आहे. बेटांच्या सहली काढते मी. कधी लक्षद्वीप, कधी श्रीलंका, पण मुख्य म्हणजे अंदमान. मला स्वतःला बोट लागते, त्यामुळे मी फारशी जात नाही, लोकांना पाठवते. माणूस जिना चढून आला की मी आधी त्याला भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं करते. अंदमानात पाऊस आपल्या आधी येतो, मे अर्धा झाला की. आणि आपल्यासारखा सप्टेंबरात तो जात नाही. परतीचा पाऊस नोव्हेंबर संपेपर्यंत रेंगाळतो, आणि त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. डिसेंबरात उघडतं, पण भरवसा नाही. खरा मोसम जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, आणि त्यातही फेब्रुवारी. तेव्हा समुद्र इतका निवांत असतो की बोटीत चहाचा कप हिंदकळत नाही. हे मी रोज सांगते, लोक रोज माना डोलावतात आणि मे महिन्यातली तारीख देतात. शाळांना फेब्रुवारीत सुट्टी नसते, त्याला मी काय करणार?

शीलाकाकू घाग पहिल्यांदा आल्या त्या मुलाबरोबर. मितेश ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, बायको कृतिका, दोन मुलं, दोघांच्या नोकऱ्या. काकू इथेच, एमआयडीसीच्या बाजूला, जुन्या बिल्डिंगमध्ये एकट्या. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसल्या. सगळं बोलला तो मितेश.

"बाबांची शेवटची इच्छा आहे, ताई," तो म्हणाला. "वर्षश्राद्ध झालं, आता ती पूर्ण करायची आहे."

मग त्याने दहाव्याची हकीकत सांगितली. त्याचे वडील, रघुनाथ घाग, आयुष्यभर रंगाच्या कंपनीत ऑपरेटर. धाकटे काका टिटवाळ्याला राहतात म्हणून दहावा तिकडेच, नदीच्या काठावर केला. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर भरपूर बसले होते, पण खाली एकही उतरेना. मग अशा वेळी करतात ते सुरू झालं. एकेक जण पुढे होऊन, हात जोडून, गेलेल्या माणसाला मोठ्याने कबूल करू लागला. मितेश म्हणाला, आईला सांभाळीन. कृतिका म्हणाली, मुलांना चांगलं वळण लावीन. काका म्हणाले, गावच्या घराची वाटणी होऊ देणार नाही. कंपनीतला एक जुना मित्र म्हणाला, युनियनचं जे राहिलं ते बघून घेतो. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं, गुरुजींनी कंटाळून दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात मागे बायकांत बसलेल्या काकू उठल्या, पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना अंदमानला जायचं होतं. मला घेऊन समुद्र बघायचा होता. मी जाऊन येईन." शब्द तोंडातून बाहेर पडायचा अवकाश, कावळा खाली आला आणि भाताचा घास घेऊन गेला.

"सगळे रडले, ताई," मितेश म्हणाला. "बाबांनी आम्हाला कधी कळूच दिलं नाही. आईला मात्र माहीत होतं."

मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. मी काकूंकडे बघितलं तर त्या आमच्या दोघांकडेही बघत नव्हत्या. भिंतीवरच्या पोस्टरमधल्या निळ्या पाण्याकडे बघत होत्या.

मी तक्त्याचं पुराण लावलं. मितेशने मान डोलावली आणि मे महिना सांगितला. निदान पहिल्या आठवड्यात तरी निघा म्हटलं, तर त्या आठवड्यात कृतिकाला रजा नव्हती. म्हणजे मे अर्धा उलटल्यावर. जायच्या आदल्या दिवशी तिकडे कमी दाबाचा पट्टा तयार झाला, बेटांमधल्या बोटी बंद झाल्या आणि विमानही रद्द झालं. मितेश फोनवर माझ्यावरच चिडला. मग काकूंनी त्याच्या हातून फोन घेतला.

"नाही म्हणाले ना?" त्यांनी विचारलं.

"कोण, विमानवाले? हो, रद्दच झालंय."

"हं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या वेळी दिवाळीची सुट्टी. भाऊबीज झाली की निघायचं असं मायलेकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी सांगून थकले की हे वादळाचे दिवस आहेत, पण मुलांच्या शाळेपुढे माझं कोण ऐकतंय! वादळ आलं. चांगलं बारसं झालेलं, नावगाव असलेलं वादळ. मी कळवायच्या आत काकूच जिना चढून आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या वेळेलाही नाही म्हणाले." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या विमानवाल्यांबद्दल बोलत नव्हत्या.

तिसऱ्यांदा नाताळ. या वेळी मला काळजी नव्हती. डिसेंबर अखेर बहुतेक वेळा बरा जातो, पाऊस संपलेला असतो. सगळं व्यवस्थित चाललं होतं, काकूंनी नवीन चपला घेतल्याचंही मला फोन करून सांगितलं. आणि निघायच्या तोंडावर, वादळाचे दिवस सरल्यावर, उपसागरात वादळ झालं. मी देवभोळी बाई नाही. उपास करत नाही, नजर काढत नाही. पण त्या दुपारी उपग्रहाचं चित्र उघडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोठा समुद्र मोकळा पडलेला, आणि पांढरा भोवरा नेमका त्या बेटांवर येऊन बसलेला. मी कॉम्प्युटर बंद केला आणि खाली जाऊन चहा पिऊन आले.

काकूंची कागदपत्रं माझ्याकडे राहिली होती. ती द्यायला म्हणून मी काही दिवसांनी त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. आमच्याकडे दुपारी दुकानं बंद असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, नुसता कंपन्यांचा वास असतो. काकूंनी दार उघडलं, मला बसवलं आणि चहा टाकला. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत पंखा चालू होता आणि पलंगावर नीट घडी घातलेली चादर आणि एक उशी, बाकी कोणी नाही.

"कोणी झोपायचंय का आत?" मी विचारलं.

"नाही."

त्यांनी पंखा बंद केला नाही. तीन वाजून गेले असतील. जिन्यात कोणीतरी घसा खाकरला, तसं काकूंनी पटकन गॅस मोठा केला. मी दाराकडे बघत राहिले. कोणी आलं नाही, पावलंही वाजली नाहीत.

"पहिल्या पाळीची सुटण्याची वेळ," काकू म्हणाल्या. "चहा गरमच लागायचा ह्यांना."

"काकू, शेजारचं कोणी असेल."

"असेल की." मग त्या मला न्हाणीघराकडे घेऊन गेल्या. बादलीत उशीचा अभ्रा भिजत घातला होता. पाणी गुलाबी झालं होतं. "कंपनीत लाल रंगावर होते ना हे. घामातून रंग यायचा. आयुष्यभर माझे अभ्रे गुलाबी. गेल्यावर मी उशीतला कापूस बदलला, अभ्रा नवा शिवला. त्या उशीवर कोणी झोपत पण नाही. तरी बघ."

मी बघितलं. त्याला काहीतरी कारण असणार. बादलीला जुना रंग लागला असेल, नळाच्या पाण्यात काही आलं असेल, आमच्या भागात काहीही येऊ शकतं. मी त्यांना त्यातलं एकही बोलून दाखवलं नाही, कारण माझा मलाच विश्वास वाटेना.

चहा घेताना त्या अचानक म्हणाल्या, "रसिका, ह्यांना नव्हतं जायचं अंदमानला."

"म्हणजे?"

"मला जायचं होतं."

त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. लग्नानंतर काही वर्षांनी एका औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर घरी आलं होतं. त्यात एका महिन्याच्या पानावर ते बेट होतं. हिरवं पाणी, पांढरी वाळू, कडेला वाकलेलं झाड. महिना संपला पण काकूंनी पान उलटलंच नाही. वर्षभर घरात तोच महिना लटकत राहिला आणि रघुनाथकाका रोज कुरकुरत राहिले की या घरात तारीख कळत नाही. एकदाच त्यांनी धीर करून विचारलं होतं, आपण जाऊ या का इथे कधी? तर काका म्हणाले, आमच्या गावाला समुद्रच आहे की, तो बघ.

"मग त्या दिवशी नदीवर?" मी विचारलं.

"ऊन चढलेलं, गं. सगळ्यांनी काय काय कबूल करून झालं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको आहे, हिला माहीत असणार. मी आठवून आठवून बघितलं. अख्खा संसार केला मी त्यांच्याबरोबर. रोज डबा दिला, शेवटी शेवटी पाय चेपले, घास भरवला. आणि ह्यांना काय हवं होतं ते मला माहीतच नाही! एक गोष्ट आठवेना. मला इतकी लाज वाटली, की काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तोंड उघडलं, तर माझंच बाहेर पडलं."

"आणि कावळा शिवला."

"शिवला. खोट्यावर शिवला. म्हणजे त्यांचं खरं राहिलंच ना अडकून."

त्यानंतर काकूंनी शोध घेतला होता. धाकट्या दिरांना विचारलं, कंपनीतल्या मित्राला विचारलं. वर्षश्राद्धानंतर एकट्या एसटीने गुहागरकडच्या गावाला गेल्या आणि तिथल्या म्हाताऱ्या चुलतसासूबाईंना, गोदूबाईंना विचारलं, की ह्यांना लहानपणापासून कशाची आवड होती, कुठे जायचं होतं, काय व्हायचं होतं. कोणालाही सांगता आलं नाही. रघू गुणी होता, एवढंच सगळे म्हणाले. मित्राने खूप विचार करून सांगितलं की त्याला चहा गरम लागायचा.

"ते तर मला पण माहीत होतं," काकू म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"भीती वाटते का घरात?"

"भीती कसली? लाज वाटते. दुपारी चप्पल वाजते, घसा खाकरतात, आणि मला वाटतं विचारायला आलेत. माझं नाव सांगून तू कुठे निघालीस, म्हणतात. म्हणून तर तीनदा अडवलं."

माझं तोंड फटकळ आहे. कुठे काय बोलावं ते मला कळत नाही असं माझी आईसुद्धा म्हणायची. मी म्हटलं, "काकू, तुमच्या ह्यांना एवढी वादळं उठवता येत असती तर ते कंपनीत ऑपरेटर राहिले असते का? मॅनेजरला उडवून लावला असता."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता ही बाई आपल्याला घराबाहेर काढणार. आणि त्या हसल्या. पदर तोंडावर दाबून, खांदे हलवत हसल्या, आणि हसता हसता आतल्या खोलीकडे बघून गप्प झाल्या, घरात कोणी झोपलं असलं की आपण आवाज दाबतो तशा.

मला मात्र तिथे बसल्या बसल्या स्वतःचाच राग आला. वादळ मे महिन्यात आलं, दिवाळीत आलं, नाताळात आलं. आम्ही तिन्ही वेळा शाळेची सुट्टी बघितली होती. तक्ता माझ्या डोक्यावर टांगलेला, आणि त्या बेटाचा मोसम एकदाही कोणी विचारात घेतला नव्हता. अंदमानच्या समुद्राला भाऊबीज काय कळणार?

"फेब्रुवारीत जा," मी म्हटलं.

"फेब्रुवारीत मितेशला कसं जमेल?"

"मितेश नाही. तुम्ही. माझा बायकांचा ग्रुप जातोय, तुमच्याच वयाच्या सगळ्या. समृद्धी म्हणून माझ्या ऑफिसातली मुलगी असते सोबत, फार गोड आहे."

"एकटी?"

"त्यांच्यात एकटं राहायची सोय नाही, काकू. रात्री बारापर्यंत पत्ते खेळतात."

काकूंनी कपबशा उचलल्या, पुन्हा खाली ठेवल्या. "आणि तेव्हाही नाही म्हणाले तर?"

"नाही म्हणायला वारा लागतो. फेब्रुवारीत तिकडे वारा नसतो."

या वेळी त्या हसल्या नाहीत. "आणि समज जाऊन आले. मग कबूल केलेलं पुरं झालं. मग हे जातील?"

"तुम्हाला काय हवंय? जावेत की राहावेत?"

"मला ते राहायला हवेत," काकू ताबडतोब म्हणाल्या. "असेच, पंख्याखाली. आणि मला जायचं पण आहे, गं. मरायच्या आधी एकदा त्या पाण्यात उभं राहायचंय. दोन्ही कसं होणार?"

मी कागदपत्रं पर्समध्ये घालून परत घेऊन आले आणि त्यांचं नाव फेब्रुवारीत घातलं.

मितेशला ते आवडलं नाही. आई एकटी कशी जाईल, बाबांची इच्छा सगळ्यांनी मिळून पुरी करायची होती, वगैरे. काकूंनी त्याला खरं सांगितलं नव्हतं आणि मीही तोंड बंद ठेवलं, जे मला फार जड जातं. शेवटी तो तयार झाला. निघायच्या पहाटे विमानतळावर त्याने काकूंच्या हातात वडिलांचा लॅमिनेट केलेला छोटा फोटो दिला. "बाबांना समुद्र दाखव, आई," म्हणाला. काकूंनी तो फोटो घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी सामानाच्या पट्ट्या तपासायला लागले.

खरं सांगायचं तर त्या दिवशी काकूंपेक्षा मी जास्त घाबरले होते. ऑफिसला येऊन सारखी उपग्रहाचं चित्र उघडत होते. समृद्धी इथे असती तर म्हणाली असती, ताई, तुम्हीच तर म्हणता फेब्रुवारीत काही होत नाही. मला तो भोवरा पुन्हा दिसणार असं वाटत होतं. दुपारी तीनच्या सुमाराला माझ्याच जिन्यात कोणीतरी खाकरलं. मी बाहेर येऊन बघितलं, जिना रिकामा. मी चपला घालून सरळ शीलाकाकूंच्या बिल्डिंगखाली गेले आणि वर बघत उभी राहिले. त्यांच्या खिडक्या बंद होत्या. आत पंखा चालू ठेवून गेल्या असतील का, हा विचार आला आणि मी तिथून लगबगीने निघाले.

वादळ आलं नाही. विमान वेळेवर पोचलं. दुसऱ्या दिवशी बोटही वेळेवर सुटली आणि सगळ्या बायका हॅवलॉकला पोचल्या, म्हणजे आता त्याचं नाव स्वराज द्वीप, पण आमच्या धंद्यात अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. समृद्धीने ग्रुपवर फोटो टाकले. काकू गुडघाभर पाण्यात, साडी वर खोचलेली, तोंड उघडं, काहीतरी ओरडत असलेल्या. मी तो फोटो मोठा करून बघितला. पाठीमागे समुद्र हिरवागार, नुसता पसरलेला, एक रेघ नाही त्याच्यावर. मला इतका आनंद झाला की मी समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला चहा मागवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. मानपाडा रोडला अजून चांगलं ऊन होतं. तिकडे मात्र सूर्य फार लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की आपल्याकडे दिवस असतानाच तिकडे मिट्ट काळोख पडतो.

"रसिका," काकू म्हणाल्या. आवाज रडून बसलेला होता. "माझं उद्याचं तिकीट काढ. मला घरी यायचंय."

"काय झालं? पडलात का? समृद्धी कुठाय?"

"काही झालं नाही. आत्ता मितेशचा फोन येऊन गेला. म्हणाला, बाबांना समुद्र दाखवलास का? तर फोटो पर्समध्येच. मी काढलाच नाही, गं. काल नाही, आज नाही. काल निदान सकाळी आठवलेले ते. आज सकाळी उठले आणि सरळ पाण्यात गेले. ऊन ऊन पाणी. त्या काचेच्या बोटीत बसले, खाली मासे बघितले. दुपारी तळलेला मासा खाल्ला, दोनदा मागून घेतला. संध्याकाळी वाळूत बसून ग्रुपमधल्या त्या कुलकर्णीबाई नकला करत होत्या, तर मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. आणि दिवसभरात एकदाही आठवले नाहीत ते मला. एकदाही. तीन वाजून गेले तेसुद्धा कळलं नाही."

मी खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली.

"घरात ते एकटे आहेत, रसिका," काकू म्हणाल्या. "त्यांच्या नावावर मी इथे आले आणि त्यांनाच विसरले. मला उद्याच्या बोटीत बसव. पाया पडते तुझ्या."

त्यांचे अजून दोन दिवस बाकी होते. सकाळच्या बोटीत जागा होती, विमानात जागा होती, मला माहीत होतं. मी कॉम्प्युटरवर समोर चित्र उघडून बसले होते. उपसागरात एक ढग नव्हता. हा धंदा सुरू केल्यापासून मी हवामानाबद्दल कोणाशी खोटं बोललेले नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ते एकच काम मी मनापासून खरं करत आले आहे.

"काकू," मी म्हटलं, "उद्याची बोट रद्द झालीये."

"रद्द?"

"परवाचीसुद्धा. समुद्र खवळलाय. आत्ताच मला कळवलं त्यांनी. तुम्हाला दोन दिवस तिथेच थांबावं लागेल, इलाज नाही."

मी फोन कानाला घट्ट धरून बसले. मागे कुठेतरी ताटं मांडल्याचा आवाज येत होता, कोणीतरी 'शीलाताई, चला जेवायला' म्हणून हाक मारली. त्यापलीकडे काही नव्हतं. इतकी शांतता होती की मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हो," शेवटी काकू हळूच म्हणाल्या. "इथे बसल्या बसल्या ऐकू येतोय मला. केवढ्या मोठ्या लाटा आहेत, गं."